पाळी जाण्याआधीची वर्षं : चाळिशीपुढच्या बायकांसाठी गावात आरोग्य सत्र घेताना काय सांगायचं?

गोदाकाठ

बचत गटाच्या बैठकीत, अंगणवाडीत किंवा उपकेंद्रावर चाळिशी ओलांडलेल्या बायकांसमोर बोलायचं असेल, तर हातात नेमकं काय असावं यासाठी हा धागा काढतेय. आशाताई, आरोग्यसेविका, उमेद अभियानाच्या सीआरपी (गावातल्या बचत गटांना मदत करणाऱ्या ताई) आणि शाळेतल्या बाई, सगळ्यांना उपयोग व्हावा. डॉक्टर, आहारतज्ज्ञ, फिजिओ मंडळींनी नक्की लिहा.

भारतात पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षी थांबते. सलग १२ महिने पाळी आली नाही की ती गेली असं धरायचं. त्याआधीची चार ते आठ वर्षं गडबडीची असतात. कधी वीस दिवसांनी पाळी येते, कधी दोन-दोन महिने गायब. मधेच अंगातून वाफा निघतात, रात्री दरदरून घाम येतो, झोप मोडते, चिडचिड होते. आपल्याकडे या वर्षांत दोनच गोष्टी घडताना दिसतात. एक तर बाई काहीच बोलत नाही, नाहीतर थेट पिशवी काढून मोकळी होते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भपिशवी काढण्याच्या प्रकरणात २०१९ साली राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या पाहणीतल्या ८२ हजारांहून जास्त बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. सत्राची सुरुवात इथूनच करावी असं मला वाटतं, कारण समोर बसलेल्यांपैकी काहींचं हे झालेलं असतं.

माझा भर मोजमापावर आहे. "व्यायाम करा, सकस खा" हे ऐकून बाई मान हलवते आणि घरी जाते. घरच्या घरी मोजता येईल असं काही दिलं, तर पुढच्या बैठकीला ती आकडा घेऊन येते. तीन मापं सांगते.

पहिलं म्हणजे कॅलेंडर. पाळीच्या प्रत्येक दिवशी टिंबं द्यायची: कमी गेलं तर एक, नेहमीसारखं तर दोन, जास्त तर तीन. लिहिता-वाचता येत नसलं तरी हे जमतं. भिंतीवर सगळ्यांना दिसेल असं नको असेल तर छोटं कॅलेंडर कपाटाच्या दाराला आतून लावायचं. तीन-चार महिन्यांची टिंबं दाखवली की डॉक्टरांचे निम्मे प्रश्न सुटतात.

दुसरं म्हणजे दोरी. डोक्यापासून टाचेपर्यंत उंचीएवढी सुतळी कापायची, तिची बरोबर निम्मी घडी घालायची आणि ती कमरेभोवती फिरवायची. टोकं एकमेकांना मिळाली तर ठीक. मधे फट राहिली तर पोटावर चरबी जास्त आहे, म्हणजे साखर-बीपी तपासायलाच हवं. माप शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या मधोमध घ्यायचं. परकराच्या नाडीवर घेतलं तर चुकतं, नाडीमुळे तिथे खाच पडलेली असते आणि माप कमी भरतं. श्वास सोडून मोजायचं, पोट आत ओढायचं नाही. टेप असेल तर बाईसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा.

तिसरं म्हणजे मिठाचा पुडा. जागतिक आरोग्य संघटनेचं माप माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी. पाच माणसांच्या घरात दिवसाला २५ ग्रॅम धरले तर एक किलोचा पुडा ४० दिवस पुरला पाहिजे. पुडा फोडला की त्यावर तारीख टाकायची. वीस-बावीस दिवसांत संपत असेल तर दुप्पट मीठ पोटात जातंय, आणि लोणचं, पापड, फरसाण त्यात धरलेलंच नाही.

---

दुधना_काठ

स्त्रीरोगाच्या बाजूने लिहिते. "या वयात असं होतंच" हे वाक्य सत्रात अर्ध्यावर सोडलं तर घात होतो. पाळी मागेपुढे होणं या वयाला धरून आहे. पण पुढच्या गोष्टी दिसल्या तर तपासणी टाळायची नाही: पाळी आठ दिवसांपेक्षा जास्त चालणं, २१ दिवसांच्या आत पुन्हा येणं, दर तासाला पॅड किंवा घडी बदलावी लागणं, दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या गाठी पडणं, संबंधानंतर रक्त जाणं. आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक थेंब जरी रक्त दिसलं तरी त्याच आठवड्यात दवाखाना. "माझी पाळी परत आली" म्हणून बायका खूश होतात. बहुतेक वेळा कारण साधं निघतं, पण गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर असाच सुरू होतो आणि लवकर सापडला तर बरा होतो.

आता सोनोग्राफीच्या रिपोर्टबद्दल. हे सविस्तर सांगायला हवं, कारण पिशवी काढण्याचा निर्णय बहुधा त्या कागदावरून होतो. रिपोर्टात "बल्की युटेरस" लिहिलेलं असतं. दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बाईची पिशवी थोडी मोठी असतेच. त्रास नसेल तर नुसत्या या दोन शब्दांसाठी ऑपरेशन लागत नाही. दुसरं म्हणजे "अस्तर जाड". पाळी चालू असलेल्या बाईचं अस्तर महिन्याभरात कमी-जास्त होतं. पाळी यायच्या आधी ते १४-१५ मिलिमीटर असणंही नेहमीचंच. ४ मिलिमीटरची मर्यादा पाळी गेल्यानंतर रक्त जाणाऱ्या बाईसाठी आहे. पंचेचाळिशीच्या, पाळी चालू असलेल्या बाईला ती लावून घाबरवणं चूक. तिसरं, छोटी फायब्रॉइडची गाठ, म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूत वाढणारी, कॅन्सर नसलेली गाठ. पाळी गेली की ती बहुधा आपोआप आक्रसते. ४६ व्या वर्षी त्रास न देणारी गाठ असेल तर लक्ष ठेवून थांबता येतं.

जास्त रक्त जात असेल तर पाळीच्या दिवसांपुरत्या, रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रानेक्झामिक आम्लाच्या गोळ्या, हार्मोनच्या गोळ्या किंवा गर्भाशयात बसवायची हार्मोनची तांबी असे पर्याय आहेत. ही तांबी काही वर्षं काम करते आणि त्यात अनेकींची पाळी सुखरूप निघून जाते. वय ४५ च्या पुढे आणि रक्तस्राव बेभरवशाचा असेल तर आधी अस्तराचा तुकडा तपासायचा, मग उपचार ठरवायचा. या पायऱ्या झाल्या का, एवढं विचारायचं धैर्य बाईला सत्रातून मिळालं तरी पुष्कळ झालं.

अंगावरून पांढरं जातंय म्हणजे कॅन्सर होणार, ही भीती घालून केलेली ऑपरेशनं आपल्या भागात थोडी नाहीत. पांढरं जाणं बहुधा संसर्गाने होतं आणि औषधाने थांबतं. कॅन्सरची शंका असेल तर गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी करायची, पिशवी काढायची नाही.

---

बालाघाट

ज्यांची पिशवी आधीच काढली आहे त्यांना सत्रात काय सांगायचं? त्यांना वाटतं की आपला आता या विषयाशी संबंध नाही.

---

दुधना_काठ

@बालाघाट, त्यांचाच संबंध सगळ्यात जास्त. डिस्चार्ज कार्ड शोधायला सांगा आणि अंडाशय ठेवले की काढले ते बघा. दोन्ही अंडाशय काढले असतील तर ऑपरेशनच्या दिवसापासूनच हार्मोन बंद होतात. ३५-४० व्या वर्षी हे झालं असेल तर हाडं ठिसूळ होणं आणि हृदयविकार यांचा धोका बराच आधी सुरू होतो. अशा बाईला, काही आडकाठी नसेल तर, पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापर्यंत हार्मोन द्यावेत असा सर्वसाधारण सल्ला आहे. अंडाशय ठेवले असतील तरी ते थोडे लवकर थकू शकतात, आणि पाळीच नसल्यामुळे बदल सुरू झाल्याचं कळायला वाफा आणि रात्रीचा घाम हीच खूण उरते.

हार्मोन उपचाराची भीती २००२ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासाचे निकाल आले तेव्हापासून घर करून बसली आहे. पुढे हे स्पष्ट झालं की वय ६० च्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत सुरू केलं तर त्रास असलेल्या बहुतेकींसाठी फायदा जास्त असतो. स्तनाचा कॅन्सर झालेला असेल, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झालेली असेल, यकृताचा आजार असेल किंवा रक्त का जातंय हेच माहीत नसेल तर द्यायचे नाहीत. पिशवी जागेवर असेल तर इस्ट्रोजेन एकटं कधीच नाही, सोबत प्रोजेस्टेरॉन हवंच. नाहीतर अस्तर वाढत राहतं.

आणखी एक. लग्न, सत्यनारायण, नवरात्र आलं की मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणल्या जातात. या वयात बीपी, वजन आणि साखर वाढलेली असते. अशा वेळी न विचारता घेतलेली ही गोळी गुठळीचा धोका वाढवू शकते, आणि गोळी बंद केल्यावर येणारं रक्त कशाचं आहे हे नंतर कुणालाच कळत नाही. हे सत्रात ठासून सांगा.

---

आहारवेल

आहाराचं लिहिते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या मापाप्रमाणे बाईला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं, पाळी गेल्यावर १२००. प्रथिनं वजनाच्या किलोमागे साधारण ०.८३ ग्रॅम, म्हणजे ५५ किलोच्या बाईला ४६ ग्रॅम. या वयात स्नायू झडायला लागतात म्हणून किलोमागे एक ग्रॅम धरलं तर उत्तम.

आपल्याकडचं ताट बघा. दिवसात तीन भाकरी म्हणजे २०० ग्रॅम ज्वारीचं पीठ धरलं तर २० ग्रॅम प्रथिनं मिळतात. वर पातळ वरण आणि ठेचा. बेरीज २५ च्या आसपास अडकते. म्हणजे निम्मंच. ज्वारी सोडायचं कारण नाही, तिच्यात चोथा भरपूर आहे आणि साखरेलाही ती बरी. परभणीच्या कृषी विद्यापीठाने आणि इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेने मिळून आणलेलं 'परभणी शक्ती' हे ज्वारीचं वाण लोह आणि जस्त जास्त असलेलं आहे, बी मिळालं तर घरच्यापुरतं जरूर पेरावं. प्रश्न भाकरीसोबत काय येतं याचा आहे. वरण घट्ट करा, माणशी मूठभर (३० ग्रॅम) डाळ पडली की साडेसहा ग्रॅम. मटकी किंवा हरभऱ्याची एक वाटी उसळ सहा-सात ग्रॅम. दोन चमचे शेंगदाण्याचं कूट पाच ग्रॅम. पेलाभर दूध सहा-सात. अंडं चालत असेल तर एका अंड्यात सहा.

कॅल्शियमचा हिशोब असा: पेलाभर (२०० मिली) दुधात साधारण २४० मिलिग्रॅम, वाटीभर दह्यात दीडशेच्या पुढे, पोह्याच्या एका मोठ्या चमच्यात मावणाऱ्या तिळात सव्वाशेच्या आत-बाहेर. शेवग्याचा पाला, राजगिरा, हरभऱ्याची भाजी यांतही चांगलं असतं. तीळ भाजून कुटून खायचे. अख्खे गिळले तर तसेच बाहेर पडतात. जवस-कारळाच्या चटणीचाही फायदा आहे, फक्त तिच्यातलं मीठ निम्मं करा.

घरातली एक गोष्ट हमखास वर येते: दूध डेअरीला जातं, उरलेलं मुलांना, आणि बाईच्या वाट्याला चहापुरतं. सत्रात याची चर्चा नवऱ्यांसमोर झाली तर जास्त फरक पडतो.

---

मांजरा

लातूर-धाराशिवकडे सोयाबीनची पोती घरात असतात, पण खाण्यात सोयाबीन नाही. पीठ करून खाल्लं की पोट फुगतं अशी तक्रार. सोयाबीनमुळे वाफा कमी होतात हे खरं का?

---

आहारवेल

@मांजरा, वाफांवर परिणाम थोडाच आणि सगळ्यांना सारखा नाही. पण शंभर ग्रॅममध्ये ३६-३८ ग्रॅम प्रथिनं आहेत, तेवढ्यासाठीच खावं. पोट फुगतं ते कच्चं दळल्यामुळे. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारा घटक असतो, तो उष्णतेनेच जातो.

कृती अशी. सोयाबीन निवडून घ्या. बियाण्याचं, औषध लावलेलं पोतं अजिबात नको, त्याचा रंग लाल-गुलाबी दिसतो. भांड्यात आधी पाणी खळाखळा उकळू द्या आणि मग त्यात दाणे टाका. थंड पाण्यात टाकून तापवत नेले की उग्र वास धरतो. २५ मिनिटं उकळा, पाणी फेकून द्या, दाणे कडक वाळवा. दाताखाली कट्‌ आवाज आला पाहिजे, ओलसर राहिले तर गिरणीत चिकटतात आणि पिठाला बुरशी लागते. नऊ किलो गव्हाला एक किलो सोयाबीन या मापाने दळा. भाकरीत जास्त घातलं तर ती थापताना चिरते, म्हणून चपातीच बरी. सोयाबीनला तेल असतं, पीठ लवकर खवट होतं. पंधरा दिवसांपुरतंच दळून आणा.

तेलाचंही सांगून टाकते. चार माणसांच्या घरात महिन्याला दोन-सव्वादोन लिटरच्या वर जाऊ नये. डब्यावर तारीख टाका, मिठासारखंच.

---

बालाघाट

व्यायामाबद्दल शेतातल्या बायकांना सांगताना अडचण येते. दिवसभर खुरपं चालतंय, मोळ्या उचलायच्या, त्यावर तुम्ही म्हणता चाला! मला तर त्यांना व्यायाम सांगणं पटत नाही.

---

फिजिओ_तेरणा

@बालाघाट, चाला असं त्यांना सांगूच नये, खुरपणीच्या दिवसांत तर नाहीच. आठवड्याला १५० मिनिटं मध्यम श्रम ही जागतिक आरोग्य संघटनेची अट त्यांची दोन दिवसांत पूर्ण होते. पण त्याच मार्गदर्शनात आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायामही सांगितलेला आहे. खुरपणीत बाई तासन्‌तास एकाच अवस्थेत वाकलेली असते. कंबर आखडते, मांडीचा पुढचा आणि कुल्ल्याचा स्नायू मात्र वाढत नाही. वर एप्रिल-मेमध्ये काम नसतं तेव्हा तेही थांबतं. म्हणून त्यांना वेगळं द्यायचं, घरकाम किंवा बैठं काम करणाऱ्या बायकांना वेगळं.

शेतातल्या बाईला: दर तासाला उभं राहून दोन्ही हात कंबरेवर ठेवून पाच वेळा मागे झुकणं. संध्याकाळी पाटावर किंवा कॉटवर बसून हाताचा आधार न घेता उठणं-बसणं, दहा वेळा, दोन फेऱ्या, एक दिवसाआड. सोपं वाटायला लागलं की पाच लिटर पाण्याचा कॅन छातीशी धरून. भिंतीला हात टेकून दंड, दहा. टाचा उचलणं, पंधरा. भिंतीजवळ एका पायावर दहा सेकंद उभं राहणं, हळूहळू तीस सेकंदांपर्यंत. पुढे साठीनंतर न्हाणीत पाय घसरून खुबा मोडतो, तो टाळण्यासाठी हा तोल आत्ता कमवायचा.

घरकाम, दुकान, नोकरी करणाऱ्या बाईला वरचं सगळं अधिक रोज अर्धा तास भरभर चालणं. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, एवढा वेग. उन्हाळ्यात पहाटे किंवा दिवे लागल्यावर.

ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम सगळ्यांनाच. खोकलताना लघवी होणं, अंग बाहेर येणं (गर्भाशय खाली सरकणं) या तक्रारी बायका शेवटी, दारातून निघताना सांगतात. वारा अडवताना जसं आकसतो तसं आकसायचं, पाच मोजेपर्यंत धरायचं, तेवढंच सोडायचं. दहा वेळा, दिवसातून तीनदा. चुकतं कुठे? श्वास रोखला जातो, मांड्या-कुल्ले आवळले जातात, किंवा लघवी करताना मधेच थांबवून सराव केला जातो. यातलं शेवटचं तर करूच नये, मूत्राशय नीट रिकामं होत नाही. फरक पडायला तीन महिने लागतात, हे आधीच सांगा, नाहीतर पंधरा दिवसांत सोडून देतात. अंग बाहेर येत असेल तर बद्धकोष्ठ आणि जुना खोकला आधी बरा करा, भरलेला हंडा उचलणं थांबवा. ऑपरेशन नको असेल तर आत बसवायची रिंगही मिळते.

---

गोदाकाठ

@फिजिओ_तेरणा, फार उपयोगी. सांधेदुखीवर एक भर घालते. किनवटसारख्या फ्लोराइड असलेल्या पट्ट्यात पाठ-मान ताठ होणं पाळीवर ढकललं जातं. गावातल्या मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे असतील तर आधी बोअरचं पाणी तपासून घ्या, लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड असेल तर ते पिण्यासाठी बंद. आणि गुडघ्यासाठी आठवड्याला सुई-सलाईन लावून घेणं, बिनबिलाच्या पुड्या खाणं थांबवायला हवं. वेदनाशामकांनी मूत्रपिंड जातं. असल्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं, त्याने हाडं आणखी पोखरतात.

---

पूर्णा_आरोग्य

रात्रीच्या घामाबद्दल. घाम आला की लगेच पाळीचं म्हणू नका. सोबत दोन आठवडे खोकला, संध्याकाळचा ताप, वजन उतरणं असेल तर थुंकी तपासा, क्षयरोग असू शकतो. साखरेच्या गोळ्या चालू असलेल्या बाईला थरथर, भूक आणि घाम एकदम आला तर साखर उतरलेली असते. छातीत धडधड आणि वजन कमी होत असेल तर थायरॉइड बघा.

खऱ्या वाफा दोन-चार मिनिटांत जातात. उन्हाळ्यात त्रास जास्त. सुती कपडे, उशाशी पाणी, रात्रीचं जेवण कमी तिखट, दुपारी चारनंतर चहा नको. शौचालयाची सोय नाही म्हणून बायका पाणीच कमी पितात, मग लघवीची जळजळ सुरू होते आणि तीही "गरमी" म्हणून सोडून दिली जाते. मिश्रीबद्दल स्पष्ट बोला. तो तंबाखूच आहे, तोंडाच्या कॅन्सरचं कारण आहे. एकदम सुटत नसेल तर आधी रात्रीची बंद करा.

मन खचलेलं असेल, आठवड्यामागून आठवडे रडू येत असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक फळ्यावर लिहून ठेवा. मराठीत बोलता येतं.

तपासण्यांसाठी खासगीत जायची गरज नाही. तीस वर्षांवरच्या सगळ्यांची बीपी, साखर, तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी आयुष्मान आरोग्य मंदिरात (सरकारी उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात) मोफत व्हायला हवी, आशाताईंकडे त्याचा फॉर्म असतो. हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे रक्त कमी.

---

बालाघाट

सत्र कधी आणि कुठे घ्यावं? संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका आपोआप जमतात, तिळाचा विषयही निघतो.

---

गोदाकाठ

@बालाघाट, हळदीकुंकवाला घेऊ नका. विधवा बायका येत नाहीत, त्यांना बोलावलंच जात नाही, आणि या वयात विधवांची संख्या आपल्याकडे कमी नाही. बचत गटाची बैठक बरी, तिथे सगळ्या असतात. ऊसतोडीच्या गावांत जानेवारीत तर निम्मी घरं कुलपात. टोळ्या दिवाळीच्या सुमारास निघतात, मार्च-एप्रिलमध्ये परततात. म्हणून तपासण्या आणि सत्रं जून ते सप्टेंबर, मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घ्यायच्या आधी. बोलायला चाळीस मिनिटं, पंधरा-वीस बायका, एका वेळी एकच विषय: पहिल्या बैठकीला कॅलेंडर आणि धोक्याच्या खुणा, दुसऱ्या बैठकीला ताट, तिसऱ्याला दोरी, मीठ आणि व्यायाम करून दाखवणं. शेवटची दहा मिनिटं पुरुष आणि तरुण मुली बाहेर, मगच अंग बाहेर येण्याचे प्रश्न निघतात.

---

मांजरा

लोहाची, कॅल्शियमची आणि थायरॉइडची गोळी एकाच बाईला दिलेली असते. बायका तिन्ही एकदम चहासोबत घेतात. क्रम कसा सांगावा?

---

पूर्णा_आरोग्य

थायरॉइडची गोळी उठल्याबरोबर, नुसत्या पाण्यासोबत. त्यानंतर अर्धा ते एक तास काहीच नाही, चहासुद्धा नाही. कॅल्शियम दुपारच्या जेवणासोबत, एका वेळी ५०० मिलिग्रॅमच्या वर नको. लोह रात्री झोपताना लिंबू पाण्यासोबत, जेवणानंतर दोन तासांनी. मळमळ होत असेल तर जेवणानंतर लगेच घेतली तरी चालेल, पण दूध आणि चहा टाळायचा. थायरॉइड आणि बाकीच्या दोन्हींत किमान चार तासांचं अंतर हवं. लोहाने शौचाला काळं होतं, ते आधी सांगा, नाहीतर रक्त पडतंय समजून गोळी बंद करतात. तीन वेगवेगळ्या रंगांच्या डब्या करून दिल्या की चुका कमी होतात: एक देवघराजवळ, एक भाकरीच्या टोपल्याजवळ, एक उशाशी.